नवीन अँटिबायोटिकचा शोध (कोकणातल्या खाड्या)

जुन्या गोळ्या-इंजेक्शनांना दाद न देणाऱ्या बॅक्टेरियांवर चालेल असं औषध शोधून काढायचं काम. कोकणाचा यात संबंध येतो तो खाडीच्या चिखलामुळे, म्हणजे तिवर-चिपीच्या (खाडीतल्या कांदळवनाच्या झाडांच्या) मुळांत जो काळा, कुजका वास मारणारा चिखल असतो तो, दाभोळ, जयगड, आचरा कुठेही जा, ओहोटीला पायाखाली तोच.

चिखलच का, तर बरीचशी जुनी अँटिबायोटिक्स मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या बॅक्टेरियांनीच दिलीत (मिरगाच्या पहिल्या पावसात मातीचा वास सुटतो तोही मुख्यतः यांच्याच जिओस्मिन नावाच्या रसायनाचा). 1943 ला स्ट्रेप्टोमायसिन असंच मिळालं, आणि आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध पण. पण जमिनीवरची माती इतकी चाळून झालीय की परत परत तेच रेणू हाती लागतात, म्हणून लोक खाऱ्या पाण्याकडे वळले. तसं हे आजचं नाही, सेफॅलोस्पोरिन ही अँटिबायोटिक्स देणारी बुरशी 1945 मध्ये ब्रोत्झू या इटालियन डॉक्टरला इटलीतल्या सार्डिनिया बेटाच्या किनाऱ्यावर, गटार समुद्राला मिळतं तिथे सापडली होती. आज सर्रास टोचतात ते सेफ्ट्रियाक्सोन त्याच खानदानातलं.

पद्धत ऐकायला सोपी आहे. चिखल आणायचा (सरकारी जमिनीवरची कांदळवनं राखीव आहेत, वनखात्याची परवानगी आधी काढा), सुकवायचा, थोडा गरम करायचा म्हणजे नेहमीचे बॅक्टेरिया मरतात आणि स्पोअरवाले (बीजाणू धरणारे, म्हणजे स्ट्रेप्टोमायसिससारखे) टिकतात, मग पातळ करून स्टार्च-केसिन अगरच्या (बॅक्टेरिया वाढवायच्या जेलीच्या) प्लेटवर पसरायचा, अगरमध्ये समुद्राचं पाणी आणि बुरशी माजू नये म्हणून बुरशीनाशक. मग दोन-तीन आठवडे थांबा. खडूची भुकटी लावल्यासारख्या कोरड्या, चिवट कॉलन्या येतात त्या हव्यात. त्यांचा अर्क स्टॅफच्या (जखमा पिकवणाऱ्या बॅक्टेरियाच्या) प्लेटवर ठेवला आणि भोवती स्वच्छ वर्तुळ दिसलं की सगळे खूश, पेपर निघतो, आणि खरं सांगायचं तर बहुतेकदा गोष्ट तिथेच संपते.

कारण खरी मारामारी पुढेच. आधी मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रावर) बघायचं की हा रेणू जुनाच तर नाही ना, बऱ्याचदा जुनाच निघतो. नवा असला तर माणसाच्या पेशींना विषारी नको. आणि स्टॅफ मरणं त्यातल्या त्यात सोपं, दवाखान्यात लागण करणाऱ्या बॅक्टेरियांना, म्हणजे क्लेब्सिएला-अ‍ॅसिनेटोबॅक्टरला बाहेरून अजून एक आवरण असतं, त्यातून औषध आत शिरलंच तरी पंप लावल्यासारखं ते बाहेर फेकतात. 2015 ला गाजलेलं टेक्सोबॅक्टिन, जे प्लेटवर न वाढणारे बॅक्टेरिया मातीतच वाढवून मिळवलं, ते सुद्धा यांच्यापुढे चालत नाही.

वर पैशाचं गणित उलटं. नवं औषध डॉक्टर राखून ठेवणार, कोर्स आठवड्या-दोन आठवड्यांचा, मग कंपनी कमावणार काय? अमेरिकेतल्या अकाओजेन कंपनीला प्लाझोमायसिन या अँटिबायोटिकची मंजुरी 2018 ला मिळाली आणि 2019 ला दिवाळं निघालं. आपल्याकडे वोक्हार्टने न्यूमोनियासाठी नाफिथ्रोमायसिन काढलं, दिवसाला एकदा, तीन दिवस, त्याला सरकारी मदतही होती.

तोवर आहे ते जपायचं. कोळंबीच्या तळ्यांत क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान ही अँटिबायोटिक्स चालत नाहीत, आणि म्हणूनच क्लेब्सिएलावर शेवटचा उपाय म्हणून ठेवलेलं कोलिस्टिन 2019 पासून मत्स्यशेतीत आणि पशुखाद्यात बंद आहे.

इथल्या पावसाळी लेप्टोवर (लेप्टोस्पायरोसिस, बॅक्टेरियाचा ताप) डॉक्सीसायक्लिन, पेनिसिलिन अजून नीट चालतात. दोडामार्गकडचा माकडताप मात्र व्हायरसचा, त्याच्यावर जुनं काय नि नवं काय, अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही.