यादवी त्यांची, निमंत्रण कोणाचे?

१३ ऑगस्ट १८४९ रोजी व्हिलागोश या गावाजवळच्या माळावर हंगेरीच्या क्रांतिकारी सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. लढा ऑस्ट्रियाच्या सम्राटाशी होता, पण सेनापती आर्तुर गोर्गेई शरण गेला तो रशियन सेनानी रुडिगरला. ज्यांनी खरोखर हरवले त्यांच्यापुढेच तलवार ठेवायची, ऑस्ट्रियनांपुढे नाही, एवढा मान त्याने राखला. तरुण सम्राट फ्रान्झ योझेफला आपलेच राज्य आवरेना, तेव्हा त्याने झार पहिल्या निकोलसला हाक मारली होती आणि झारने सुमारे २ लाखांची फौज धाडली होती. पकडलेले सेनानी रशियनांनी ऑस्ट्रियाच्या हवाली केले. ६ ऑक्टोबरला अराद येथे १३ सेनानींना देहदंड झाला.

झारला याची परतफेड काय मिळाली? पाच वर्षांत क्रिमियाच्या युद्धात तो एकाकी पडला, तेव्हा ऑस्ट्रियाने मदत तर केली नाहीच, उलट डॅन्यूबकाठचे प्रांत रिकामे करा म्हणून दटावले.

परक्या देशातल्या यादवीत सैन्य पाठवावे की नाही, हा वाद आज रंगतो तो बहुतेक नीतीच्या भाषेत. माणसे मरत असताना शेजाऱ्याने हात बांधून बसावे का, असे एक बाजू विचारते. दुसऱ्याच्या घरात शिरण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असे दुसरी. दोन्ही प्रश्न खरे आहेत. पण गेल्या पावणेदोनशे वर्षांचे दाखले चाळले की निकाल अनेकदा एका तिसऱ्याच गोष्टीवर लागलेला दिसतो: बोलावले कोणी, आणि बोलावणाऱ्याची खुर्ची किती दिवस टिकली?

‘यादवी’ हा शब्द आपण प्रभासक्षेत्रावर आपापसांत लढून संपलेल्या यादवांवरून घेतला. त्या कथेत बाहेरचा कोणीच नाही; लव्हाळ्याची मुसळे झाली आणि सगे सग्यांवर तुटून पडले. इतिहासातल्या यादवीत मात्र बाहेरचा जवळजवळ नेहमीच असतो. १७५८ साली स्विस विधिज्ञ व्हॅटेल याने नियम घालायचा प्रयत्न केला. राष्ट्र दुभंगले की दोन्ही पक्ष दोन स्वतंत्र राष्ट्रांसारखे मानावेत आणि ज्याची बाजू न्याय्य वाटेल त्याला परक्याने मदत करावी, असे त्याचे म्हणणे. ज्याला जायचेच आहे त्याला आपल्या दोस्ताची बाजू अन्याय्य कधी वाटणार? त्यामुळे हा नियम म्हणजे उघडे दारच होते.

ते दार बरेचसे लोटून घेतले इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलने, १८५९च्या एका निबंधात. स्वातंत्र्य बाहेरून आणून देता येत नाही. जे लोक स्वतः झगडून ते मिळवत नाहीत त्यांना ते टिकवताही येत नाही, हा त्याचा मुख्य मुद्दा. एक अपवाद त्याने ठेवला: दुसरी परकी सत्ता आधीच उतरली असेल, तर तिला रोखण्यासाठी उतरणे रास्त. हंगेरीत रशियाला इंग्लंडने अडवायला हवे होते, असे तो त्याच निबंधात म्हणतो. युक्तिवाद आजही वजनदार वाटतो. मात्र मिल हा ईस्ट इंडिया कंपनीचा जुना नोकर. हे नियम ‘सुधारलेल्या’ राष्ट्रांपुरतेच, असे तो बजावतो आणि अवध खालसा करणे हे तर उशिरा पार पाडलेले कर्तव्य होते, असे सांगून मोकळा होतो. हस्तक्षेपाच्या तत्त्वज्ञानात ही मेख पहिल्यापासूनच आहे.

बाहेर राहणेही फुकट पडत नाही. अमेरिकेच्या यादवीत ब्रिटनने मे १८६१मध्ये तटस्थता जाहीर केली. तरी बर्कनहेडच्या गोदीत ‘२९०’ एवढ्याच क्रमांकाने बांधलेले एक जहाज जुलै १८६२मध्ये निसटले, ‘अलाबामा’ नावाने दक्षिणेकडून लढले आणि उत्तरेची व्यापारी जहाजे बुडवत सुटले. १८७२मध्ये जिनिव्हाच्या लवादाने ब्रिटनला १ कोटी ५५ लाख डॉलर भरायला लावले.

१९१८ साली उत्तर रशियात उतरलेल्या दोस्तांच्या सैन्याची गोष्ट वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखी. जर्मनीविरुद्धची आघाडी पुन्हा उभी करणे आणि बंदरांतला युद्धसाहित्याचा साठा राखणे, हे जाण्याचे कारण. ११ नोव्हेंबरला युरोपात तोफा थंडावल्या, म्हणजे कारणच संपले. नेमक्या त्याच दिवशी द्विना नदीकाठच्या तुल्गास गावात अमेरिकी आणि ब्रिटिश तुकड्यांवर बोल्शेविकांनी हल्ला चढवला आणि लढाई १४ तारखेपर्यंत चालली. अमेरिकी सैनिक उत्तर रशियातून परतले ते १९१९च्या उन्हाळ्यात.

पण ‘हस्तक्षेप नको’ या धोरणाची खरी परीक्षा स्पेनमध्ये झाली. जुलै १९३६मध्ये सेनापती फ्रँकोने इतर सेनानींसह सरकारविरुद्ध बंड केले, तेव्हा त्याचे कसलेले सैन्य मोरोक्कोत अडकले होते आणि आरमाराचा मोठा भाग सरकारच्या बाजूने होता. हिटलरने युंकर्स विमाने दिली आणि जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवरून सैनिकांची हवाई ने-आण झाली. ती झाली नसती तर बंड आफ्रिकेतच कुजले असते, असे मानायला भरपूर जागा आहे. ९ सप्टेंबरला लंडनमध्ये अ-हस्तक्षेप समितीची पहिली बैठक भरली. २७ देशांनी करार मान्य केला आणि त्यांत जर्मनी, इटली व सोव्हिएत संघही होते! समितीच्या टेबलाभोवती बसून हे तिघेही माणसे आणि शस्त्रे पाठवत राहिले; एकट्या इटलीचे ७० हजारांहून अधिक सैनिक स्पेनमध्ये लढले. करार पाळला तो मुख्यतः ब्रिटनने, आणि बऱ्याच अंशी फ्रान्सने. निवडून आलेल्या सरकारला उघड बाजारात शस्त्रे विकत घेणे मुश्कील झाले, बंडखोरांना मात्र ती घरपोच. २६ एप्रिल १९३७ रोजी गेर्निका शहर जर्मन आणि इटालियन विमानांनी भाजून काढले, तेव्हाही समिती अस्तित्वात होतीच. दोन्ही पक्षांना समान लेखायचे म्हटले की ज्याचा दोस्त निर्लज्ज, त्याचा फायदा. हा धडा मिलच्या अपवादात आधीच होता. तो पाळायची कोणाची तयारी नव्हती.

संयुक्त राष्ट्रांच्या १९४५च्या सनदेने बळाच्या वापराला बंदी घातली, पण सरकारनेच बोलावले तर काय, हे त्यात स्पष्ट नव्हते. महासत्तांनी ती फट हेरली. डिसेंबर १९७९मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या त्या ‘निमंत्रणावरून’. तिथला सत्ताधीश हाफिजुल्ला अमीन खरोखरच फौज मागत होता. आलेल्या पाहुण्यांनी २७ डिसेंबरला राजवाड्यावर चाल करून पहिल्यांदा त्यालाच ठार केले आणि बब्राक कारमालला गादीवर बसवले. त्याआधी १९७५मध्ये आंतरराष्ट्रीय विधिज्ञांच्या संस्थेने वीसबाडेन येथे ठराव केला होता की यादवी पेटली की कोणत्याच पक्षाला परक्यांनी मदत करू नये, सरकारलाही नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९८६च्या निकारागुआ खटल्यात वेगळी रेघ ओढली: सरकारच्या विनंतीवरून जाता येते, विरोधकांच्या नाही. व्यवहारात न्यायालयाचीच रेघ चालते. फक्त सरकार कोणते, हे यादवीत ठरायचे असते आणि भांडण तर त्याचेच असते.

आपल्याकडचे दोन दाखले शेजारी ठेवले की हे जास्त कळते. १९७१मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले. भारत युद्धात उतरला तेव्हा ७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदी मागितली. जगाचे मत उलट, तरीही १६ डिसेंबरला ढाका पडले आणि मार्च १९७२पर्यंत भारतीय सैन्य परतलेही. ज्यांच्यासाठी गेलो त्यांचे सरकार उभे होते, लोक त्यांच्यामागे होते, आणि परतायचे केव्हा हे स्वच्छ होते.

श्रीलंकेत कागद चोख होता. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राष्ट्राध्यक्ष जयवर्धने आणि राजीव गांधी यांनी करार केला. दुसऱ्या दिवशी मानवंदना घेताना एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. मान खाली घातल्यामुळे वार निसटता बसला. निमंत्रण देणाऱ्या सरकारच्याच रांगेत काय मनात होते, ते तिथेच दिसले. दुसरीकडे, ज्यांनी शस्त्रे खाली ठेवायची त्या तमिळ वाघांची (एलटीटीई) करारावर सहीच नव्हती. ऑक्टोबरात भारताची शांतिसेना त्यांच्याशीच लढू लागली. जानेवारी १९८९मध्ये प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले, जूनमध्ये त्यांनी भारताला जायला सांगितले, आणि त्यांच्या सरकारने शांतिसेनेशी लढण्यासाठी वाघांना शस्त्रे पुरवली. सुमारे १,२०० जवान गमावून शेवटची तुकडी २४ मार्च १९९० रोजी निघाली. मद्रासच्या बंदरात तिच्या स्वागताला राज्याचे मुख्यमंत्री गेले नाहीत.

१९९०च्या दशकात एका देशाची जखम दुसऱ्याच्या जिवावर कशी बेतते, ते दिसले. ऑक्टोबर १९९३मध्ये सोमालियातल्या मोगादिशूत १८ अमेरिकी सैनिक मारले गेले. सहा महिन्यांनी रवांडात कत्तल सुरू झाली, तेव्हा कोणालाच दुसरे मोगादिशू नको होते. सुरक्षा परिषदेने २१ एप्रिल १९९४ रोजी तिथली शांतिसेना वाढवण्याऐवजी २७० माणसांवर आणायचे ठरवले. लाखो माणसे मेली. त्या अपराधी भावनेतूनच संयुक्त राष्ट्रांच्या २००५च्या शिखर बैठकीत ‘संरक्षणाची जबाबदारी’ हे तत्त्व मान्य झाले: सरकार आपल्याच लोकांना कापत असेल, तर जगाने सुरक्षा परिषदेमार्फत पुढे व्हावे. आता निमंत्रणाची गरज उरली नाही, असे काहींना वाटले.

ते फार काळ वाटले नाही. १७ मार्च २०११चा लिबियाविषयीचा ठराव १० मतांनी मंजूर झाला. भारतासह ५ देश तटस्थ राहिले. ठराव नागरिकांना वाचवण्याचा होता, शेवट गद्दाफीच्या मृत्यूने झाला, आणि त्यानंतर रशिया व चीनने सीरियाबाबत नकाराधिकार वापरताना लिबियाचेच बोट दाखवले. खुद्द ब्रिटिश संसदेने ऑगस्ट २०१३मध्ये सीरियावरील कारवाईचा प्रस्ताव २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला. रशिया मात्र सप्टेंबर २०१५मध्ये असदच्या निमंत्रणावरून सीरियात उतरला. ते निमंत्रण ८ डिसेंबर २०२४पर्यंत, म्हणजे असदची सत्ता कोसळेपर्यंत, पुरले.

छोटे, नेमके हस्तक्षेप यशस्वी होतात, हेही खरे. मे २००० मध्ये काही शे ब्रिटिश सैनिकांनी सिएरा लिओनमध्ये फ्रीटाउनचा विमानतळ धरला आणि कोलमडू पाहणारी संयुक्त राष्ट्रांची मोहीम सावरली. जानेवारी २००२मध्ये ते युद्ध संपले. पण हेच उदाहरण पुन्हा पुन्हा दिले जाते, याचा अर्थ अशी उदाहरणे फार नाहीत.

लिबियातून शस्त्रे घेऊन परतलेल्या तुआरेग लढवय्यांनी २०१२मध्ये मालीच्या उत्तरेत बंड पेटवले आणि त्यावर जिहादी गटांनी कब्जा केला. जानेवारी २०१३मध्ये मालीच्या सरकारने फ्रान्सला बोलावले. तीन आठवड्यांत टिंबक्टू मुक्त झाले. २ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष ओलांद तिथे पोहोचले तेव्हा लोकांनी फ्रेंच झेंडे नाचवले आणि त्यांना उंटाचे एक पिल्लू भेट दिले. ते सांभाळायला ज्या कुटुंबाकडे ठेवले, त्यांनी ते कापून खाल्ले, अशी बातमी पुढे आली.

२०२० आणि २०२१मध्ये मालीत लष्कराने दोनदा सत्ता घेतली. नव्या राज्यकर्त्यांनी रशियाचे भाडोत्री सैनिक आणले आणि जानेवारी २०२२मध्ये फ्रेंच राजदूताला देशाबाहेर काढले. १५ ऑगस्टला शेवटची फ्रेंच तुकडी गाओहून निघून सीमेपलीकडे नायजरमध्ये गेली. तिथले सरकार अजून मित्र होते. जुलै २०२३मध्ये तेही उलथले आणि डिसेंबरात फ्रेंच सैन्य नायजरमधूनही निघाले.