रेषा नेमकी कुठे जोडायची? स्नॅप होणाऱ्या चिन्हांची पार्श्वभूमी

इमारतीच्या विजेची सिंगल लाइन डायग्राम (वीज कुठून कुठे जाते हे एकेरी रेषांनी दाखवणारी आकृती) किंवा पाण्याच्या पाइपांचा रायझर (मजल्यांमधून चढणाऱ्या पाइपांची आकृती) रेव्हिट या इमारतींच्या मॉडेल-ड्रॉइंगच्या प्रोग्राममध्ये काढायला घेतला की पहिली तक्रार बहुधा एकच असते. ब्रेकरचं किंवा व्हॉल्व्हचं चिन्ह बनवलं, शीटवर ठेवलं, रेषा जोडायला गेलं, तर कर्सर त्या चिन्हावरून सरळ पुढे निघून जातो. चिन्ह डोळ्यांना दिसतं, पण प्रोग्रामच्या लेखी तिथे पकडण्यासारखं काही नसतं. मग रेषा अंदाजाने टेकवायची, झूम केल्यावर फट दिसली की चरफडायचं आणि चिन्ह हलवलं की सगळ्या रेषा पुन्हा ओढायच्या.

ही सोय करायची राहून गेली, असं वाटणं साहजिक आहे. पण चिन्हाचा आकार आणि चिन्हाला जोडणी कुठे होते हे, या दोन गोष्टी एक मानायच्या की वेगळ्या, याचं उत्तर वेगवेगळ्या प्रोग्राम्सनी गेली साठ वर्षं वेगवेगळं दिलं आहे. आजची अडचण त्यातून आली आहे.

संगणकाच्या आधी हे काम प्लॅस्टिकच्या टेम्प्लेटवर चालायचं. पट्टीत चिन्हांचे आकार कापलेले असायचे आणि वर्तुळाच्या कडेला मध्यरेषेच्या बारीक खुणा असायच्या. ड्राफ्ट्समन आधी पेन्सिलीने फिकट रेषा मारायचा, खुणा त्या रेषेवर बसवायचा आणि मग आकार गिरवायचा. म्हणजे तार कुठून जाणार हे आधी ठरायचं, चिन्ह नंतर यायचं. १९६१मध्ये लेट्रासेटची घासून उमटवायची अक्षरं आली. तयार चिन्हंही पुढे अशीच मिळू लागली आणि गिरवण्याचा वेळ वाचला, पण नेमकेपणाची जबाबदारी हातावरच राहिली.

खरी सुरुवात १९६३ची. एमआयटीत इव्हान सदरलँड यांनी पीएचडीसाठी ‘स्केचपॅड’ हा प्रोग्राम लिहिला. लिंकन प्रयोगशाळेतल्या टीएक्स-२ या संगणकावर तो चालायचा आणि पडद्यावर लाइट पेनने रेघा ओढता यायच्या. पेन एखाद्या रेषेच्या किंवा बिंदूच्या पुरेसं जवळ आलं, की प्रोग्राम पेनची खरी जागा बाजूला ठेवून त्या रेषेवरची किंवा बिंदूची अचूक जागा धरायचा. आज आपण ज्याला स्नॅप म्हणतो ते हेच. पेन धरणारा हात थरथरतो, रेषा मात्र नेमकी हवी, ही त्यामागची गरज होती.

स्केचपॅडमधली दुसरी कल्पना आपल्या विषयाच्या अधिक जवळची आहे. एक मूळ आकृती बनवायची आणि तिच्या हव्या तितक्या प्रती ड्रॉइंगमध्ये ठेवायच्या. मूळ आकृती बदलली की सगळ्या प्रती बदलतात. आजच्या प्रोग्राम्समधले ब्लॉक, सिम्बॉल, फॅमिली ही सगळी याचीच वंशावळ. पण सदरलँड तिथे थांबले नाहीत. मूळ आकृतीवरचे काही बिंदू ‘जोडबिंदू’ म्हणून नेमून द्यायची सोय त्यांनी ठेवली होती. प्रत इतर रेषांना जोडली जायची ती या बिंदूंवर. आकार वेगळा, जोडणी वेगळी, हा फरक पहिल्याच प्रोग्राममध्ये होता, हे मला आजही विलक्षण वाटतं. विजेच्या सर्किटचे नकाशे काढून पाहिल्यावर त्यांनी प्रबंधात एक निष्कर्षही नोंदवला: ड्रॉइंगमधून निव्वळ ड्रॉइंगपेक्षा जास्त काही मिळणार असेल, तरच ते संगणकावर काढण्यात अर्थ आहे.

पुढे वाट दुभंगली. १९८२च्या डिसेंबरमध्ये ऑटोकॅड या ड्रॉइंग काढायच्या प्रोग्रामची पहिली आवृत्ती आली. ब्लॉक होते, पण वस्तूंवर स्नॅप होणं आलं ते १९८४च्या २.० आवृत्तीत. तिथे एंडपॉइंट, मिडपॉइंट, सेंटर, इंटरसेक्शन अशा भौमितिक खुणा पकडता यायच्या. ब्लॉकच्या आतल्या रेषाही पकडल्या जायच्या, त्यामुळे ‘चिन्ह म्हटलं की ते स्नॅप होणारच’ ही सवय एका अख्ख्या पिढीच्या हाताला लागली. १९९७च्या रिलीज १४मध्ये ऑटोस्नॅप आलं आणि कर्सर जवळ नेताच खुणा आपोआप उजळू लागल्या, चुंबकासारख्या ओढू लागल्या.

पण ऑटोकॅडचा स्नॅप फक्त भूमिती ओळखतो. ब्रेकरच्या चिन्हात तिरक्या पात्याचा मध्यबिंदू आणि तार जिथे यायला हवी ते टोक, दोन्ही त्याच्या दृष्टीने सारख्याच लायकीचे. दाटीवाटीच्या ड्रॉइंगमध्ये तार भलत्याच बिंदूला चिकटते आणि प्रिंट काढेपर्यंत कळत नाही. जाणकार मंडळी म्हणून टर्मिनलच्या, म्हणजे तार जोडायच्या टोकाच्या जागी ब्लॉकमध्ये एक ‘पॉइंट’ ठेवायची आणि बाकी स्नॅप बंद करून फक्त असे पॉइंट पकडणारा ‘नोड’ चालू ठेवायची. सदरलँडचा जोडबिंदू असा मागच्या दाराने परत आला. रेषा टेकल्यानंतर मात्र ब्लॉकला तिची आठवण नसते. ब्लॉक सरकवला की रेषा तिथेच राहते.

दुसरी वाट इलेक्ट्रॉनिक्सच्या लोकांनी धरली. १९८५मध्ये स्थापन झालेल्या ऑरकॅडच्या आणि तशाच इतर सर्किट काढायच्या प्रोग्राम्समध्ये चिन्हाला पिना असतात आणि तार फक्त पिनेलाच जोडली जाते. चिन्हाचा आकार हवा तसा काढा, कंपोनंटचा चौकोन म्हणजे नुसती सजावट. प्रोग्राम पाहतो ते पिना आणि त्यांच्यामधलं नेट, म्हणजे कुठली पिन कुठल्या पिनेला जोडली आहे ते. इथे चूक झाली तर सर्किट बोर्डच चुकतो, त्यामुळे शिस्तही कडक. पिना ठरावीक ग्रिडवर हव्यात, बहुतेक ठिकाणी ०.१ इंचाच्या, म्हणजे २.५४ मिलिमीटरच्या पटीत. हेच अंतर दोन्ही बाजूंना पायांच्या ओळी असलेल्या जुन्या डीआयपी चिपच्या पायांमधलं. ग्रिडवरून किंचित सरकलेली पिन सर्वांत दगाबाज, कारण पडद्यावर तार टेकलेली दिसते पण जोडलेली नसते. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या विद्युत चिन्हांच्या ६०६१७ या मानकातही चिन्हं एका ठरावीक मॉड्यूलच्या ग्रिडवर बसवलेली आहेत, जेणेकरून दोन चिन्हं शेजारी ठेवली की त्यांच्या तारा एका रेषेत याव्यात. कुठल्याही प्रोग्रामसाठी चिन्ह बनवताना ही एक गोष्ट पाळली तरी निम्मी डोकेदुखी टळते.

१९९२मध्ये आलेल्या व्हिजिओ या आकृत्या काढायच्या प्रोग्रामने हीच कल्पना कार्यालयांत नेली. आकृतीवर जोडबिंदू ठेवायचे, कनेक्टर त्यांना ‘ग्लू’ व्हायचा आणि आकृती हलवली की रेषा मागोमाग यायची. अभियंते व्हिजिओला हसायचे, पण रेव्हिट वापरणाऱ्याला आज जे हवं असतं ते त्यात तेव्हाच होतं.

इमारतींच्या प्रोग्राम्समध्ये अर्चिकॅडने हा प्रश्न लवकर हाताळला. त्याच्या जीडीएल भाषेत चिन्हाची द्विमिती आकृती लिहिताना ‘हॉटस्पॉट२’ ही आज्ञा देऊन कुठला बिंदू पकडता येईल हे वेगळं सांगता येतं. चिन्ह बनवणाराच ठरवतो, हे मला सर्वांत प्रामाणिक उत्तर वाटतं.

रेव्हिटची पहिली आवृत्ती २०००च्या एप्रिलमध्ये आली आणि २००२मध्ये ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कने रेव्हिटची कंपनी विकत घेतली. रेव्हिटचा मूळ विचार असा की इमारतीची वस्तू वेगळी आणि कागदावरची खूण वेगळी. वस्तूचं माप खऱ्या जगातलं. खुणेचं माप कागदावरचं, स्केल काहीही असलं तरी तेवढंच. जेनेरिक ॲनोटेशन या दुसऱ्या गटात मोडतं, आणि सिंगल लाइनची चिन्हं लोक बहुधा त्यातच बनवतात, कारण छापल्यावर त्यांचा आकार कायम राहतो. घोटाळा नेमका इथेच होतो.

आकडे घालून पाहू. कागदावर ६ मिलिमीटर रुंद चिन्ह आहे, टर्मिनल त्याच्या उजव्या कडेला. १:१०० स्केलवर चिन्हाच्या मध्यापासून टर्मिनल खऱ्या मापात ३०० मिलिमीटरवर पडतं. तिथे रेषा आणून टेकवली आणि मग व्ह्यूचं स्केल १:५० केलं. आता तेच टर्मिनल मध्यापासून १५० मिलिमीटरवर आलं, रेषेचं टोक मात्र होतं तिथेच राहिलं. कागदावर ३ मिलिमीटरची फट. स्केलबरोबर जागा बदलणाऱ्या बिंदूला अचूक स्नॅप द्यायचा तरी कसा? प्रोग्रामचा नकार चिडचिड आणणारा असला, तरी तो अतार्किक नाही.

म्हणून चिन्ह डीटेल आयटम म्हणून बनवायचा मार्ग रुळला. डीटेल आयटमला खऱ्या जगातलं माप असतं आणि त्याच्या रेषांची टोकं पकडता येतात. टर्मिनलवर आकाराची एकही रेषा संपत नसेल, तर तिथे आखूड अदृश्य रेषा टाकायची, म्हणजे प्रिंटमध्ये काही दिसत नाही आणि कर्सरला पकडायला टोक मिळतं. ऑटोकॅडमधल्या पॉइंटची ही धाकटी बहीण. इथेही अतिरेकाचा त्रास आहेच. चिन्हात जितक्या रेषा, तितके पकडता येणारे बिंदू, त्यामुळे आकार शक्य तितका साधा ठेवलेला बरा.

काही जण डीटेल आयटमच्या पोटात जेनेरिक ॲनोटेशन घालतात. चिन्हाचा आकार कागदाप्रमाणे राहतो, अदृश्य रेषा स्नॅप देतात, दोन्ही हातांत लाडू. पण वरचं गणित इथेही सुटलेलं नाही. अदृश्य रेषा खऱ्या मापात जागच्या जागी राहतात, चिन्ह मात्र स्केलबरोबर फुगतं-आक्रसतं. ही युक्ती एकाच स्केलला बरोबर बसते. अशा आकृतीसाठी वेगळा ड्राफ्टिंग व्ह्यू (मॉडेलशी न जोडलेलं, निव्वळ रेखाटनाचं पान) घेऊन त्याचं स्केल पहिल्याच दिवशी ठरवलं, तर या कसरतीची गरजही उरत नाही.

प्लॅनमधल्या खऱ्या उपकरणांची गोष्ट वेगळी आहे. पॅनल, दिवे, पंप यांच्या फॅमिलीत कनेक्टर असतात. कुठल्या बाजूने वीज येते, पाइप कुठे लागतो, हे ते जाणतात आणि तारा त्यांनाच जोडल्या जातात. इमारतींची मॉडेलं एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेण्यासाठीच्या आयएफसी या खुल्या मानकातही याला जागा आहे. उपकरणाचा पोर्ट, म्हणजे जोडणीची जागा, ही स्वतंत्र वस्तू मानली आहे आणि दोन पोर्ट जोडल्याची नोंद ही आणखी एक. म्हणजे त्रिमिती मॉडेलमध्ये जोडणी आकारापासून वेगळी झाली आहे. सिंगल लाइन डायग्राममधलं चिन्ह मात्र बहुतेक कार्यालयांत अजूनही हाताने ठेवलेली, मॉडेलशी नातं नसलेली आकृती असते. त्यामुळे मॉडेलमध्ये पॅनल बदललं तरी डायग्रामवरचा ब्रेकर कुणीतरी आठवणीने बदलावा लागतो.