रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया : वित्तसंस्थांची उभारणी व नियमन

भारताच्या मध्यवर्ती बँकेने देशात वित्तसंस्था स्थापन करणे, त्यांना भागभांडवल व पुनर्वित्त (कर्ज देणाऱ्या संस्थांनाच दिले जाणारे कर्ज) पुरविणे आणि त्याच वेळी परवाने, तपासणी व निर्बंध यांद्वारे त्यांच्यावर नियंत्रण ठेवणे, या दुहेरी कार्याची ही नोंद आहे. चलननिर्गम, बँकदर, परकीय चलनाचा साठा ही मध्यवर्ती बँकेची सर्वपरिचित कार्ये येथे गृहीत धरली आहेत. मध्यवर्ती बँकेने उद्योगांसाठी पतसंस्था उभारणे हे केवळ भारताचे वैशिष्ट्य नव्हे. बँक ऑफ इंग्लंडनेही 1930 च्या मंदीत असे प्रयत्न केले होते. मात्र शेतीपासून गृहनिर्माणापर्यंत इतक्या विविध क्षेत्रांत, इतका दीर्घकाळ एखादी मध्यवर्ती बँक मालक आणि नियामक अशा दोन्ही नात्यांनी वावरल्याची उदाहरणे थोडी आहेत.

विकासकार्याचा उगम : रिझर्व्ह बँकेने विकासाचे कार्य नेमके केव्हा अंगीकारले, याविषयी एकमत नाही. हिल्टन यंग आयोगाने 1926 मध्ये मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, 1934 मध्ये कायदा झाला आणि 1 एप्रिल 1935 रोजी बँकेचे कामकाज सुरू झाले. कायद्याच्या उद्देशिकेत नोटांच्या निर्गमाचे नियमन, राखीव निधी व चलनविषयक स्थैर्य यांचा आणि देशाच्या हितासाठी चलन व पतव्यवस्था चालविण्याचा उल्लेख आहे. संस्था उभारण्याचा नाही. त्यामुळे विकासकार्य ही स्वातंत्र्योत्तर नियोजनाची देणगी होय, असे एक मत आहे. त्यास आधार म्हणून 1 जानेवारी 1949 रोजी झालेल्या राष्ट्रीयीकरणाकडे बोट दाखविले जाते. तोवर बँक खाजगी भागधारकांची होती.

दुसरे मत मूळ कायद्याच्या 54 व्या कलमावर भर देते. या कलमान्वये बँकेने प्रारंभापासूनच स्वतंत्र कृषिपत विभाग ठेवणे बंधनकारक होते. शेतीकर्जाच्या प्रश्नांचा अभ्यास करणारे तज्ज्ञ बाळगावेत, केंद्र व प्रांतिक सरकारांना आणि राज्य सहकारी बँकांना सल्ला द्यावा, बँकेच्या शेतीविषयक व्यवहारांचा मेळ घालावा, असे त्या विभागाचे काम ठरविण्यात आले. त्या काळच्या मध्यवर्ती बँकांच्या कायद्यांत अशी तरतूद विरळाच आढळते. हंगामी शेतीकर्जाच्या हुंड्यांवर नऊ महिन्यांपर्यंत रक्कम देण्याची मुभाही (पुढे पंधरा महिने) 17 व्या कलमात होती. या मताचे समर्थक म्हणतात की बीज 1934 चेच आहे. पुढे जे झाले तो केवळ विस्तार.

हे म्हणणे कायद्याच्या शब्दांपुरते बरोबर आहे. परंतु व्यवहार पाहता ते जपूनच स्वीकारावे लागते. पहिल्या दशकात कृषिपत विभाग हा मुख्यतः अहवाल लिहिणारा आणि सल्ला देणारा विभाग होता. सहकारी चळवळीने आधी आपले घर सावरावे, मग मध्यवर्ती बँकेकडून पैशाची अपेक्षा करावी, असा त्याचा एकंदर सूर होता. सवलतीच्या दराने कर्जाची सोय 1940 च्या दशकात झाली खरी, पण तिचा वापर तुटपुंजाच राहिला.

या दृष्टीने खरा बदल अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने घडविला, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. 1951 मध्ये नेमलेल्या या पाहणीच्या मार्गदर्शन समितीचे अध्यक्ष ए. डी. गोरवाला होते, धनंजयराव गाडगीळ, बी. वेंकटप्पय्या व एन. एस. आर. शास्त्री हे सदस्य होते. 75 जिल्ह्यांतील 600 खेड्यांत पाहणी झाली. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा 3.1 टक्के, व्यापारी बँकांचा एक टक्क्याहूनही कमी आणि सावकारांचा सुमारे 70 टक्के असल्याचे तीत दिसून आले. अर्धशतकाच्या सहकारी चळवळीनंतरची ही स्थिती होती. सहकार अयशस्वी ठरला आहे, तरीही तो यशस्वी झालाच पाहिजे, हा समितीच्या 1954 च्या अहवालाचा आशय पुढे अनेकांच्या तोंडी राहिला. अहवालाने केवळ पतपुरवठ्याची नव्हे, तर सहकारी संस्थांच्या भागभांडवलात राज्याने भागीदार होण्याची शिफारस केली आणि त्यासाठीचा पैसा रिझर्व्ह बँकेने द्यावा असे सुचविले. त्यानुसार फेब्रुवारी 1956 मध्ये 10 कोटी रुपयांच्या प्रारंभिक रकमेने राष्ट्रीय कृषिपत (दीर्घकालीन) निधी उभा राहिला. या निधीतून राज्य सरकारांना कर्जे मिळत आणि ती सहकारी बँकांच्या भागांत गुंतविली जात. मध्यवर्ती बँकेच्या नफ्यातून खेड्यातील सोसायटीच्या भांडवलापर्यंत जाणारी ही वाट पुराणमतवादी बँकवाल्यांना त्या वेळी रुचली नव्हती.

राज्याची भागीदारी म्हणजे सरकारी हस्तक्षेपाला आमंत्रण, हा आक्षेप मात्र सहकारी चळवळीच्या आतूनच आला. मोठ्या आकाराच्या सोसायट्या असाव्यात की गावापुरत्या लहान, हा वादही त्याच काळातला. वैकुंठलाल मेहता यांच्या अध्यक्षतेखालील सहकारी पत समितीने (1960) तो पुन्हा तपासून पाहिला. महाराष्ट्रात पुढे सहकारी बँकांच्या संचालक मंडळांवर जे राजकारण घडले, त्याचे मूळ भागीदारीच्या तत्त्वात शोधण्याची प्रथा आहे. ते काही अंशीच खरे असावे. शेजारच्या अनेक राज्यांत तेच तत्त्व असूनही तसे घडलेले दिसत नाही.

संस्थांची उभारणी : ग्रामीण पतपाहणीच्याच शिफारशीवरून इंपीरियल बँकेचे रूपांतर 1 जुलै 1955 रोजी स्टेट बँकेत झाले आणि तिचे बहुसंख्य भाग रिझर्व्ह बँकेकडे आले. पाच वर्षांत 400 नव्या शाखा उघडण्याचे बंधन कायद्यानेच घातले होते. या वेळी अर्थमंत्री असलेले चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर (1943–49) होत. रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरणही त्यांच्याच कारकिर्दीत झाले.

उद्योगांच्या दीर्घ मुदतीच्या कर्जासाठी 1948 मध्ये औद्योगिक वित्त निगम निघाला. त्याच्या भागधारकांत रिझर्व्ह बँक होती. महाराष्ट्रातील अनेक सहकारी साखर कारखान्यांना यंत्रसामग्रीसाठी या निगमाने कर्जे दिली. राज्य वित्त निगमांचा कायदा 1951 चा. 1963 मध्ये कृषी पुनर्वित्त निगम आणि 1964 मध्ये युनिट ट्रस्ट व औद्योगिक विकास बँक (आयडीबीआय) अशा तीन संस्था वर्षभराच्या अंतराने उभ्या राहिल्या. यांपैकी औद्योगिक विकास बँक ही पूर्णतः रिझर्व्ह बँकेच्या मालकीची होती. 1976 मध्ये ती केंद्र सरकारकडे गेली. 1982 मध्ये कृषिपत विभागाचे बरेचसे काम व कृषी पुनर्वित्त निगम एकत्र करून नाबार्डची (राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेची) स्थापना झाली. 1988 मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँक आली. प्रशिक्षणाच्या क्षेत्रात पुण्याचे कृषी बँकिंग महाविद्यालय व राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था आणि मुंबईची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था यांच्या स्थापनेत रिझर्व्ह बँकेचा पुढाकार होता. अग्रणी बँक योजना (1969) ही संस्था नव्हे, तर एकेक जिल्हा एकेका बँकेकडे सोपविण्याची पद्धत. तिच्यामागेही गाडगीळ यांच्या अभ्यासगटाचा विचार होता.

नियमनाचा विकास : नियमनाचे अधिकार बँकेला एकाएकी मिळाले नाहीत; बहुतेक वेळा कुठली तरी बँक बुडाली आणि मग कायदा झाला. जून 1938 मध्ये त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक बंद पडली, तेव्हा रिझर्व्ह बँकेला तिच्या तपासणीचे पुरेसे अधिकार नव्हते. वेळीच मदत का केली नाही, अशी टीका दक्षिणेत बरीच झाली. 1939 मध्ये बँकेने व्यापक कायद्याचा प्रस्ताव मांडला. युद्धामुळे तो लांबला आणि तपासणी व शाखाविस्तार यांसंबंधीचे तुटक उपाय करीत अखेर 1949 चा बँकिंग कंपनी कायदा संमत झाला. परवाना (कलम 22), तपासणी (कलम 35) आणि पुढे निर्देश देण्याचा अधिकार (कलम 35-अ) ही त्याची मुख्य हत्यारे. ‘पस्तीस-अ लागले’, म्हणजे पैसे काढण्यावर निर्बंध आले, एवढे म्हटले की नागरी सहकारी बँकेच्या ठेवीदाराला पुढचे सांगावे लागत नाही.

1960 मध्ये केरळमधील पलाई सेंट्रल बँक रिझर्व्ह बँकेच्याच अर्जावरून अवसायनात (बंद करून मालमत्तेतून देणी भागविण्याच्या प्रक्रियेत) गेली. मोठी, जुनी आणि वरकरणी धडधाकट दिसणारी ही बँक बंद करण्याचा निर्णय संसदेत वादळी ठरला. त्याचे दोन परिणाम झाले. एक, कमकुवत बँकेचे व्यवहार तात्पुरते स्थगित करून तिचे दुसरीत सक्तीने विलीनीकरण करण्याचा अधिकार 45 व्या कलमातील दुरुस्तीने मिळाला आणि पुढील काही वर्षांत लहान बँकांची संख्या झपाट्याने घटली. दुसरा परिणाम ठेव विम्याचा. 1 जानेवारी 1962 पासून ठेवीदाराला 1,500 रुपयांपर्यंत संरक्षण मिळू लागले. राष्ट्रीय पातळीवर अशी योजना आणणारा भारत अमेरिकेनंतरचा दुसरा देश, असे सर्रास लिहिले जाते. चेकोस्लोव्हाकियातील त्याआधीची योजना जमेस धरल्यास हे विधान टिकत नाही. संरक्षणाची मर्यादा 1993 मध्ये एक लाख आणि 4 फेब्रुवारी 2020 पासून पाच लाख रुपये झाली. मधली सत्तावीस वर्षे ती हलली नाही. ठेव विमा कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदारांना विम्याची रक्कम साधारणतः 90 दिवसांत मिळावी अशी तरतूद आहे.

नागरी सहकारी बँका : नागरी सहकारी पतपुरवठ्याचा प्रारंभ सामान्यतः 5 फेब्रुवारी 1889 रोजी बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली निघालेल्या अन्योन्य सहकारी मंडळीपासून धरतात. कायद्यान्वये नोंदणी हाच निकष मानणारे मात्र 1904 च्या सहकारी कायद्यानंतरच्या कांजीवरमच्या (आजच्या तमिळनाडूतील कांचीपुरमच्या) संस्थेला पहिला मान देतात. कायदा नसताना चाललेली संस्था इतिहासातून वगळण्याचे कारण नाही, म्हणून पहिली तारीखच येथे ग्राह्य धरली आहे.

1949 चा कायदा या बँकांना 1 मार्च 1966 पासून, तोही अंशतः लागू झाला. कर्जे, राखीव प्रमाणे व तपासणी रिझर्व्ह बँकेकडे. नोंदणी, निवडणुका, संचालक मंडळ बरखास्त करणे व अवसायन राज्याच्या सहकार निबंधकाकडे, अशी विभागणी झाली. हेच ते दुहेरी नियंत्रण. एकाने दोष दाखवावा आणि तो दूर करण्याचा अधिकार दुसऱ्याकडे असावा, अशी ही रचना चार दशकांहून अधिक टिकली, याचे कारण तांत्रिक कमी व राजकीय अधिक होते.

नागरी बँकांच्या परवान्यांचा विचार करणाऱ्या मराठे समितीच्या शिफारशींनंतर 1993 पासून परवान्यांचे धोरण सैल झाले. त्यानंतर दिलेल्या 823 परवान्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश बँका थोड्याच काळात आर्थिकदृष्ट्या दुबळ्या झाल्या, असे रिझर्व्ह बँकेने 2005 मध्ये स्वतःच नमूद केले. त्यापूर्वी 2001 मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल बँक शेअरदलालाला दिलेल्या कर्जांमुळे कोसळली होती आणि तिच्यात ठेवी ठेवणाऱ्या इतर नागरी बँकाही अडचणीत आल्या होत्या. यानंतर राज्यांशी सामंजस्य करार करण्याचा मार्ग निघाला. त्यानुसार नेमलेल्या कृतिदलांत रिझर्व्ह बँक, निबंधक आणि नागरी बँकांचे प्रतिनिधी एकत्र बसू लागले. सप्टेंबर 2019 मध्ये मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, प्रारंभी खात्यातून फक्त 1,000 रुपये काढण्याची मुभा होती आणि एकाच बांधकाम समूहाला दिलेली प्रचंड कर्जे हिशेबात दडविल्याचे बाहेर आले. ही बँक बहुराज्यीय असल्याने राज्याच्या निबंधकाचा तिच्याशी संबंध नव्हता. दुहेरी नियंत्रण हेच सर्व दोषांचे मूळ, ही प्रचलित समजूत त्यामुळे काहीशी तपासून घ्यावी लागते. 1949 च्या कायद्यातील 2020 च्या दुरुस्तीने नागरी बँकांचे व्यवस्थापन, भांडवल, लेखापरीक्षण व विलीनीकरण यांबाबतचे अधिकार रिझर्व्ह बँकेकडे आले. देशातील सुमारे दीड हजार नागरी बँकांपैकी जवळपास एक तृतीयांश महाराष्ट्रात असल्याने या बदलाची झळ आणि लाभ दोन्ही येथे अधिक जाणवले.

बिगरबँक कंपन्या : ठेवी स्वीकारणाऱ्या बिगरबँक कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँक कायद्यात 1963 मध्ये स्वतंत्र प्रकरण घातले गेले, नोंदणीची सक्ती 1997 मध्ये आली. 2021 मध्ये आकार व जोखीम पाहून चार स्तरांची चौकट जाहीर झाली. गृहवित्त कंपन्यांचे नियमन 2019 मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेकडून रिझर्व्ह बँकेकडे आले.

मालकी व नियमन यांची फारकत : जिची तपासणी करायची तिचेच भाग बाळगायचे, हा विसंवाद बँकसुधारणांविषयीच्या 1998 च्या नरसिंहम समितीने ठळकपणे मांडला. तत्पूर्वी 1994 मध्ये पर्यवेक्षणासाठी वित्तीय पर्यवेक्षण मंडळ स्थापन झाले होते. स्टेट बँकेतील भाग 2007 मध्ये, नाबार्डमधील बहुतांश 2010 मध्ये आणि नाबार्डचा उरलेला तसेच राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेचा संपूर्ण हिस्सा 2019 मध्ये केंद्र सरकारकडे गेला. ठेव विमा व पतहमी निगम मात्र आजही रिझर्व्ह बँकेच्या पूर्ण मालकीचा आहे.

कक्षेबाहेरील संस्था : गोव्यात 1961 पर्यंत नोटा काढण्याचा अधिकार बांको नासिओनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेकडे असल्याने तेथील बँकव्यवसायाला रिझर्व्ह बँकेचे नियमन त्यानंतरच लागू झाले. महाराष्ट्रातील सहकारी पतसंस्था आजही या नियमनाबाहेर आहेत. त्या राज्याच्या 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखाली निबंधकाच्या देखरेखीत चालतात, बहुराज्यीय पतसंस्था केंद्रीय निबंधकाच्या. त्यांच्या पाट्यांवर, पासबुकांवर आणि बोलण्यात त्या बँकेसारख्याच वाटल्या, तरी त्यांतील ठेवींना पाच लाखांचे विमा संरक्षण नाही.