मोहपरीक्षा (ख्रिस्ती साधना, कोकण किनारा)

मोहपरीक्षा : पापाकडे ओढणारी आतली वा बाहेरची प्रेरणा, आणि प्रार्थना, उपवास, आत्मपरीक्षण व पापनिवेदन (धर्मगुरूपुढे पापांची कबुली) यांच्या नित्य सरावाने तिला तोंड देण्याची ख्रिस्ती रीत. कोकण किनाऱ्यावर ती वसईचे सामवेदी, वाडवळ व कोळी कॅथलिक, मुंबई-ठाण्याचे ईस्ट इंडियन (तेथील मूळच्या स्थानिक कॅथलिकांचा समाज) आणि सिंधुदुर्गातील ख्रिस्ती समाज यांच्यात विशेष रुजलेली आहे.

संज्ञा : नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘पेइरास्मोस’. कस लागणे आणि भुरळ पडणे हे दोन्ही अर्थ त्यात एकवटले आहेत. मराठीत त्यांची फाटाफूट झाली. प्रभूच्या प्रार्थनेत (येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत) प्रॉटेस्टंट परंपरा ‘परीक्षेत आणू नको’ म्हणते, तर कॅथलिक परंपरा ‘मोहात पडू देऊ नको’ म्हणते. कोकणीतील शब्द ‘ताळणी’, आणि तेथेही क्रियापद पडू न देण्याचेच आहे. ‘परीक्षा’ मूळ शब्दाची व्याप्ती अधिक राखते, हे खरे. मात्र ‘आणू नको’ म्हटल्यावर माणसाला मोहात देवच नेतो की काय, असा प्रश्न उभा राहतो आणि याकोबाच्या पत्रातील वचन (१:१३) त्याला स्पष्ट नकार देते. इटालियन मिस्सा-ग्रंथात (कॅथलिक उपासनाविधीच्या पुस्तकात) २०२० मध्ये याच कारणाने या ओळीचे शब्द बदलण्यात आले. साधनेच्या दृष्टीने ‘पडू देऊ नको’ हाच पाठ अधिक सयुक्तिक वाटतो.

‘मोह’ शब्दालाही स्वतःचे ओझे आहे. मराठी कानाला तो षड्रिपूंपैकी चौथा वाटतो. इव्हॅग्रिअस (मृत्यू ३९९) या ख्रिस्ती तपस्व्याने आठ दुष्ट विचार सांगितले. पोप थोरल्या ग्रेगरीच्या (मृत्यू ६०४) मांडणीपासून सात प्रमुख पापांची परंपरा स्थिरावली. त्यांची षड्रिपूंशी तुलना उद्बोधक असली, तरी दोन्हींचे उगम स्वतंत्र मानणेच बरे. शिवाय ख्रिस्ती विचारात मोह हे पाप नव्हे. पापाच्या अलीकडचा तो उंबरठा होय. चाळीस दिवस रानात उपाशी राहिलेल्या येशूलाही तो झाला (मत्तय ४:१–११). मनात आलेला विचार आणि त्याला दिलेली संमती यांत केलेला हा भेद दुबळ्या माणसाला फार मोठा आधार देतो, कारण विचार आला म्हणून तो हरलेला ठरत नाही.

कुमसार : पापनिवेदनासाठी गोव्यात व दक्षिण कोकणात रूढ असलेला शब्द. तो पोर्तुगीज ‘कॉन्फेसार’ या क्रियापदावरून आला, हे मत सामान्यतः मान्य आहे. ‘कोमुंगार’वरून कुमगार (ख्रिस्तप्रसाद घेणे) आणि ‘काझार’वरून काजार (लग्न) हे शब्द त्याच वळणाचे असल्याने या मताला बळकटी मिळते. शब्दांचा शिरकाव बहुधा सोळाव्या-सतराव्या शतकातला असावा. वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे हा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेचा (रोममधील कॅथलिक धर्मपरिषदेचा). कोकणात आजही इस्टरपूर्वीच्या आठवड्यांत गुडघे टेकण्यासाठी देवळात रांगा लागतात.

आत्मपरीक्षण : ही पद्धत या किनाऱ्यावर प्रामुख्याने येशूसंघीयांनी (जेझुइट धर्मगुरूंनी) आणली. या संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यातील ‘विशेष परीक्षण’ एका वेळी एकाच दोषावर रोखलेले असते. सकाळी उठताच त्या दोषापासून दूर राहण्याचा निश्चय करायचा. दुपारच्या व रात्रीच्या जेवणानंतर मागचे तास आठवून, जितक्यांदा घसरलो तितके ठिपके कागदावरच्या ओळीवर मांडायचे. प्रत्येक दिवसाला दोन ओळी. संध्याकाळची ओळ सकाळच्या ओळीशी, आजची कालच्या ओळीशी ताडून पाहायची. दोष झाल्या क्षणी छातीवर हात ठेवावा, अशीही सूचना आहे. चारचौघांतही ते कोणाच्या लक्षात येत नाही.

उपवासकाळ : राखेच्या बुधवारापासून इस्टरपर्यंत, रविवार वगळून ४० दिवस. सध्याच्या नियमाप्रमाणे राखेचा बुधवार व गुड फ्रायडे हे दोनच दिवस सक्तीच्या उपवासाचे, तोही १८ ते ५९ वयोगटाला. मांसवर्ज्य मात्र १४ वर्षांपासून पुढे. मासळी नियमाने वर्ज्य नाही. परंतु जिथे बोंबील-बांगडा रोजच्या ताटातला आणि पापलेट-सुरमई कौतुकाची, तिथे मटण सोडून मासे खाण्यात कसला त्याग, या भावनेने अनेक घरांत मासळीही बंद असते. ताडी-दारू चाळीस दिवस न शिवणारे पुरुष गावोगाव आढळतात. या काळात लग्ने सहसा काढत नाहीत. शुक्रवारी चौदा टप्प्यांची क्रूसाची वाट (येशूच्या दुःखसहनाचे स्मरण करणारी प्रार्थना) चालतात, आणि वाचलेला पैसा गरिबांसाठी बाजूला काढतात. हा शेवटचा भाग सुटला तर उपवास हा नुसता पथ्याचा प्रकार उरतो.

रोजरी : माळेवर म्हणायची मारियेची प्रार्थना; गोव्याकडे तेर्स. संध्याकाळी घरच्या आल्तारासमोर (वेदीसमोर) किंवा वाडीतल्या क्रूसापाशी पन्नास ‘नमो मारिया’ म्हटले जातात. निम्मी ओळ एकाने म्हणायची, उरलेली सर्वांनी. व्यसनाची हुक्की उठते ती बहुधा याच वेळेला, आणि तेव्हा माणूस एकटा नसतो. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीज धर्मसंघांचा तेथील अंमल संपला, तरी ख्रिस्ती वस्ती टिकली. त्यात या घरगुती प्रार्थनेचा वाटा मोठा असावा.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत माळ व कुमसार नाहीत. तेथे रोजचे शास्त्रवाचन, कौटुंबिक उपासना आणि भजन यांवर भर आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेले व १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी या उपासनेला अभंगाची चाल दिली.