प्राणी नंतर आले, झाडं आधी होती

भायखळ्याच्या राणीच्या बागेत शिरलं की पावलं आपोआप पेंग्विनकडे, नाहीतर वाघाकडे वळतात. मुलं बरोबर असतील तर विचारायलाच नको. पण ही बाग मुळात लावली गेली ती झाडांसाठी.

तिची सुरुवात शिवडीत झाली. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची, म्हणजे शेती-बागायतीसाठीच्या संस्थेची, जुनी बाग तिथे होती. त्या जागेवर १८६५ मध्ये ख्रिस्ती दफनभूमी झाली. त्याआधीच सोसायटीने भायखळ्याला नवी बाग उभी केली होती. १८६२ साली गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीने तिचं उद्घाटन केलं. कागदोपत्री नाव 'व्हिक्टोरिया गार्डन्स', पण लोकांनी तिची राणीची बाग करून टाकली. पुढे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असं नामकरण झालं, तरी भायखळा स्टेशनबाहेर टॅक्सीवाल्याला आजही 'राणीबाग'च सांगावं लागतं.

१८७३ मध्ये बाग पालिकेकडे आली. प्राणिसंग्रहालय त्यानंतरचं. शेजारचं संग्रहालय मात्र १८७२ पासूनचं. त्याच्या उभारणीसाठी झटलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव आज त्याला आहे. त्याच्या आवारातला दगडी हत्ती घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' म्हटलं ते याच्यावरूनच.

माझा जीव अडकतो तो झाडांत. कैलासपती घ्या. हे झाड दक्षिण अमेरिकेतलं, फुलं थेट खोडावर येतात. फुलात डोकावलं तर पिंडीवर नागाने फणा धरल्यासारखं दिसतं. परदेशातून आलेल्या या झाडाला आपल्या लोकांनी नाव दिलं ते असं नीट न्याहाळून. उर्वशी ब्रह्मदेशातली. डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ नॅथॅनिएल वॉलिक यांनी गव्हर्नर जनरलची पत्नी लेडी ॲमहर्स्ट हिच्या नावावरून तिचं शास्त्रीय नाव ठेवलं. तिला बिया क्वचित धरतात, म्हणून गुटी कलमाने, म्हणजे झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडून, वाढवावी लागते आणि म्हणूनच ती दुर्मीळ. हिवाळा सरताना लाल फुलांचे झुंबरासारखे घोस खाली लोंबतात, पाकळ्यांवर पिवळे ठिपके.

२००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या भव्य पुनर्रचनेचा आराखडा पुढे आला, तेव्हा नागरिक या झाडांसाठीच उभे राहिले. झाडांच्या नोंदी झाल्या, हरकती दाखल झाल्या आणि तो आराखडा आवरता घ्यावा लागला.

एखाद्या सकाळी पिंजऱ्यांची घाई न करता इथे या. आफ्रिकेतून आलेल्या गोरखचिंचेच्या अवाढव्य बुंध्याला एक फेरी मारा. ती खोडात पाणी साठवते आणि फुलते रात्री.