धुराला बांध नसतो

"माझ्या पैशाची विडी, माझी छाती. सरकारचं काय जातंय त्यात?"

कागल तालुक्यातले माझे थोरले मामा हे वाक्य एसटीच्या कंडक्टरला ऐकवत, दवाखान्यातल्या सिस्टरांना ऐकवत आणि मलाही ऐकवत. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे नियम देशभर लागू झाले, २०० रुपयांपर्यंतच्या दंडाच्या पाट्या लागल्या. त्याच सुमारास कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकाबाहेर चहाच्या गाड्यावर त्यांनी माझ्याशी तासभर वाद घातला. बंदी नको, विडीवर कर नको, गरिबाला जगू द्या. मी तेव्हा सगळंच उडवून लावलं होतं. पुढं या विषयावर वाचत गेलो तसं लक्षात आलं, की मामांच्या पोत्यात खडे होते तसे दाणेही होते. आपण दोन्ही एकत्रच उकिरड्यावर टाकतो.

आधी "माझी छाती" हा मुद्दा घेऊ. विडी ओढणारा माणूस सलग ओढत नसतो. झुरका घेतो, बोलतो, पुन्हा झुरका घेतो. झुरक्याच्या वेळी टोकाला हवा जोरात मिळते आणि तिथलं तापमान ९०० अंशांच्या आसपास जातं. मधल्या वेळात विडी धुमसत राहते, आच कमी असते, ज्वलन अर्धवट होतं. ओल्या लाकडाची चूल जास्त धुरकटते, तसाच हा प्रकार. या धुमसण्यातून निघणाऱ्या धुरात कर्करोगाला कारण ठरणारी कित्येक रसायनं वजनाच्या हिशेबानं झुरक्यातल्या धुरापेक्षा जास्त असतात. आणि हा धूर ओढणाऱ्याच्या छातीत न जाता खोलीत पसरतो. मामांच्या खोलीत तो मामींच्या वाट्याला येत होता.

मामींसारख्या बायकांचाच पहिला मोठा अभ्यास जपानमध्ये झाला. ताकेशी हिरायामा यांनी स्वतः कधीच धूम्रपान न केलेल्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची १४ वर्षांची माहिती तपासली आणि जानेवारी १९८१ मध्ये निष्कर्ष छापले. ज्यांचे नवरे दिवसाला २० किंवा त्याहून जास्त सिगारेटी ओढत, त्या स्त्रियांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानं मरण्याचं प्रमाण सुमारे दुप्पट होतं. नवऱ्याच्या सिगारेटी वाढतील तसा बायकोचा धोका चढत होता. अमेरिकेतल्या सिगारेट उत्पादकांच्या संघटनेनं काही महिन्यांतच ओरड सुरू केली, की हिरायामांच्या गणितात चूक आहे. चूक नव्हती. पुढं न्यायालयीन खटल्यांमुळं कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रं उघड झाली, तेव्हा कळलं की उद्योगाच्याच काही सल्लागारांना हिरायामा बरोबर वाटत होते. बाहेर मात्र वेगळं बोललं जात होतं. हे वाचून मला आजही संताप येतो.

तरी विरोधकांचं सगळंच म्हणणं असं खोटं नव्हतं. २००३ मध्ये कॅलिफोर्नियातला एक अभ्यास आला. त्यात धूम्रपान न करणाऱ्या ३५,००० हून अधिक माणसांचे जोडीदार धूम्रपान करतात की नाही हे पाहिलं होतं, आणि आजाराशी ठळक संबंध सापडला नव्हता. त्याला काही पैसा तंबाखू उद्योगाचा होता. पण पैसा कुणाचा होता एवढ्यावरून निष्कर्ष चूक ठरत नाही, चूक कुठं आहे ते दाखवावं लागतं. इथं ती तुलनेत होती. त्या पिढीत कचेरी, बस, हॉटेल, सिनेमागृह, जिथं तिथं धूर होता. ज्यांचा जोडीदार सिगारेट ओढत नाही त्यांना "धूर न लागलेले" समजलं गेलं, पण दिवसभर धूर त्यांनाही लागतच होता. दोन्ही पातेल्यांत मीठ पडलेलं असताना एकातलं कालवण खारट आहे का, हे दुसऱ्याच्या चवीवरून ठरवण्यासारखं ते झालं.

यावर उपाय म्हणजे माणसाला विचारू नका, त्याचं रक्त किंवा लाळ तपासा. शरीरात गेलेलं निकोटिन दोनेक तासांत निम्मं होतं, पण यकृतात त्याचं कोटिनिन बनतं आणि ते निम्मं व्हायला सोळा-अठरा तास लागतात. काल शेजारच्यानं ओढलेली सिगारेट आज तुमच्या रक्तात सापडू शकते. अमेरिकेत १९८८ ते १९९१ या काळात धूम्रपान न करणाऱ्यांपैकी जवळपास ८८ टक्के लोकांच्या रक्तात कोटिनिन सापडलं होतं. म्हणजे "धूर न लागलेला" माणूस जवळजवळ उरलाच नव्हता. पुढच्या वीस वर्षांत एकेका राज्यानं हॉटेलं, बार, कामाच्या जागा धूरमुक्त केल्या, लोकांच्या सवयीही बदलल्या, आणि २०११-१२ मध्ये हे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांवर आलं. आज स्थिरावलेलं उत्तर असं आहे: दुसऱ्याच्या धुरात राहणाऱ्या माणसाला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका २० ते ३० टक्क्यांनी आणि हृदयविकाराचा २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो.

मामी खोकायच्या, पण त्या खोकल्यात चुलीच्या धुराचाही हात होता, हे मला मान्य केलं पाहिजे. एका माणसाच्या खोकल्यावरून कारण ठरवता येत नाही. हजारो माणसं मोजावी लागतात ती त्यासाठीच.

मोजण्यात बंदीच्या बाजूनं बोलणारेही घसरले, आणि तीही गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात हेलेना नावाचं छोटं शहर आहे. २००२ च्या जूनमध्ये तिथं बंदी आली आणि डिसेंबरात न्यायालयामुळं ती थांबली. इतर वर्षी त्या सहा महिन्यांत हृदयविकाराच्या झटक्याचे सरासरी ४० रुग्ण रुग्णालयात येत. बंदीच्या काळात २४ आले. चाळीस टक्क्यांची घट! जगभर बातमी झाली. विरोधक म्हणाले, एवढ्याशा आकड्यावरून काय ठरवता? त्यांचा हा आक्षेप रास्त होता. खासबागेत एखाद्या पैलवानानं एक कुस्ती मारली म्हणून त्याला कुणी केसरी म्हणत नाही. लहान गावात असे आकडे आपोआप वरखाली होतात, आणि जिथं ते खाली गेले त्या गावाचीच बातमी होते. २०११ मध्ये अमेरिकाभरची आकडेवारी घेऊन तपासलं, तर बंदीनंतर झटके एकदम घटलेल्या जागा जितक्या निघाल्या, जवळपास तितक्याच वाढलेल्याही निघाल्या.

मग परिणाम शून्य का? तसंही नाही. इंग्लंडमध्ये जुलै २००७ मध्ये बंदी आली. तिथं अख्ख्या देशाचा हिशेब मांडून, आधीपासून चालू असलेली घट वजा करून पाहिलं, तर झटक्यांमुळं तातडीनं दाखल होणारे २.४ टक्क्यांनी कमी झाले. दिसायला किरकोळ, पण माणसांत मोजलं तर पहिल्याच वर्षी सुमारे १,२००. चाळीस टक्क्यांच्या गर्जनेपेक्षा मला या अडीच टक्क्यांवर जास्त भरवसा वाटतो. शिवाय झटका येण्यामागची यंत्रणाही दिसलेली आहे. जपानमध्ये धूम्रपान न करणाऱ्या निरोगी माणसांना फक्त ३० मिनिटं धुराच्या खोलीत बसवलं, आणि गरजेला जास्त रक्त वाहून नेण्याची त्यांच्या हृदयाच्या धमन्यांची क्षमता मोजण्याइतकी घटलेली आढळली.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या बारमध्ये पेले भरणाऱ्यांचीही अशीच तपासणी झाली. १ जानेवारी १९९८ ला कॅलिफोर्नियातले बार धूरमुक्त झाले. त्याआधी तपासलेल्या ५३ जणांपैकी ३९ जणांना खोकला, घरघर, धाप असा काही ना काही त्रास होता. बंदीनंतर दोनेक महिन्यांतच त्यातल्या २३ जणांचा त्रास गेला. मामांच्या "माझी छाती"ला याहून सरळ उत्तर मला माहीत नाही. शेताला बांध घालता येतो, धुराला येत नाही. आणि हॉटेलांचा धंदा बसतो म्हणावं, तर अशा ९७ अभ्यासांचा आढावा २००३ मध्ये घेतला गेला. नीट केलेल्या अभ्यासांत तोटा दिसला नाही, आणि तोटा दाखवणाऱ्यांमागं बहुतेक वेळा तंबाखूचाच पैसा निघाला.

करांची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि फार जुनी. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यानं १६०४ मध्ये तंबाखूवरचा कर एका पौंडाला २ पेन्सांवरून ६ शिलिंग १० पेन्सांवर नेला. साधारण त्याच सुमारास असद बेग हा अकबराचा सरदार आपल्या शेजारच्या विजापुरातून तंबाखू घेऊन मुघल दरबारात गेला. १६१७ मध्ये जहांगीरानं तिच्यावर बंदी घातली. कर टिकला, बंदीचं काय झालं ते आपण पाहतोच आहोत.

अमेरिकेत सिगारेटवर राज्याचा कर पहिल्यांदा आयोवानं १९२१ मध्ये लावला. मिसुरीत आजही पाकिटाला फक्त १७ सेंट कर आहे. तो वाढवायचा प्रस्ताव तिथल्या मतदारांनी २००२, २००६, २०१२ आणि २०१६ अशा चारही वेळा फेटाळला. विरोधकांचा नेहमीचा मुद्दा असा, की कर वाढला की लोक शेजारच्या राज्यातून आणतात, चोरटा माल येतो. कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायला नको. पेट्रोल स्वस्त म्हणून कर्नाटकच्या हद्दीवरचा कोगनोळी नाका ओलांडून टाकी भरून येणारे आपल्यात आहेतच. कॅनडानं याच भीतीपोटी फेब्रुवारी १९९४ मध्ये सिगारेटवरचा कर उतरवला. पुढं बड्या कंपन्यांनीच न्यायालयात गुन्हा कबूल करून दंड भरला, कारण चोरट्या वाटेनं परत येणारा माल त्यांचाच होता.

किंमत दहा टक्के वाढली तर श्रीमंत देशांत तंबाखूचा खप सुमारे चार टक्के घटतो, आणि आपल्यासारख्या देशांत पाचच्या आसपास. ज्याच्या खिशात कमी, तो लवकर सोडतो किंवा कमी करतो. त्यामुळं "कर गरिबाला मारतो" हे अर्धंच खरं आहे. जो सोडतो त्याचा पैसाही वाचतो आणि छातीही. पण जो सोडू शकत नाही, त्याच्या घरातल्या दुधातूनच तो कर जातो. मामा सोडू न शकणाऱ्यांपैकी होते. विडी निरुपद्रवी असती तर गोष्ट वेगळी. तिच्यात तंबाखू जेमतेम ०.२ ग्रॅम, सिगारेटच्या साधारण पाव हिश्शाइतकी. पण तेंदूच्या पानातून हवा आत शिरत नाही, विडी विझू नये म्हणून झुरके पटापट घ्यावे लागतात, आणि निकोटिन, टार, कार्बन मोनॉक्साइड सिगारेटहून जास्तच आत जातं.

या कराचा पैसा कुठं जातो, हे विचारायचा हक्क मामांना होता असं मला वाटतं. १९७६ च्या कायद्यानं विडीवर एक छोटा उपकर होता आणि तो विडी कामगारांचे दवाखाने, घरं, मुलांच्या शिष्यवृत्त्या यांसाठी राखलेला होता. देशात असे कामगार पन्नास लाखांच्या घरात, बहुतेक बायका. मांडीवर सूप घेऊन, हजारी विड्यांवर मजुरी मिळवणाऱ्या. २०१७ मध्ये जीएसटी आला, विडीवर २८ टक्के कर लागला आणि हा राखीव उपकर बंद झाला. योजना सरकारी तिजोरीतून चालू राहिल्या, पण विडीचा पैसा विडीवालीकडं जाण्याची बांधलेली वाट मोडली.

हिरायामांचा अभ्यास आला त्याच १९८१ साली, कोल्हापूरपासून चाळीसेक किलोमीटरवर निपाणीत तंबाखूचे शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्गावर ठाण मांडून बसले होते. एप्रिलमध्ये गोळीबार झाला, शेतकरी मेले. मामा त्या गर्दीत होते. शेतकऱ्यांची मागणी धुराबद्दल नव्हतीच, व्यापाऱ्यानं तंबाखूला योग्य भाव द्यावा एवढीच होती. पुढं जेव्हा जेव्हा कर किंवा बंदी येऊ घातली, तेव्हा याच शेतकऱ्याला पुढं उभं करून त्याच्या आडून इतर लोक बोलले. कोटिनिनची चाचणी कंपन्यांचा दावा खोडून काढते. काळ्या रानात, पावसाच्या ओलीवर दुसरं कोणतं पीक एवढा पैसा देईल, हे ती सांगू शकत नाही.

आणखी एक गोष्ट. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते, आणि २४.४ टक्के तंबाखू खात किंवा मशेरी लावत होते. धुरावरची बंदी शेजाऱ्याला वाचवते. माव्याच्या पुडीपर्यंत आणि मशेरीच्या डबीपर्यंत ती पोचत नाही, तिथं वेगळंच काम करावं लागेल.

मामी कधी विडी ओढल्या नाहीत, मशेरीही लावली नाही. पण तंबाखूचे शेंडे खुडायला त्या पहाटे रानात जायच्या. दहिवरानं भिजलेल्या पानावर निकोटिन उतरतं, ते ओल्या कातडीतून थेट रक्तात शिरतं. डोकं गरगरतं, उलट्या होतात. "आज तंबाखू लागली," म्हणत त्या झाडाखाली आडव्या व्हायच्या, आणि उन्हं वर आली की पुन्हा ओळीला लागायच्या. दूधगंगेचं पाणी त्यांच्या रानापर्यंत आलं त्या वर्षी मामांनी तंबाखू बंद करून ऊस लावला. कुणी बंदी घातली नव्हती, कर वाढला म्हणूनही नव्हे. उसाची दुखणी वेगळी आहेत, पण मामींच्या त्या सकाळच्या उलट्या थांबल्या.

विडी मामांची सुटलेली नाही. नातू रांगायला लागल्यापासून मात्र ते ती घरात ओढत नाहीत. काडेपेटी घेऊन बांधावर जाऊन बसतात.