वर सरकणारं वृषण आणि न उतरलेलं वृषण: दिसायला सारखं, उपचार वेगळे

आंघोळ घालताना किंवा लंगोट बदलताना आईबाबांच्या लक्षात येतं की मुलाच्या वृषणांच्या पिशवीत एका बाजूची गोटी, म्हणजे वृषण, हाताला लागत नाही. मग घरात दोन मतं पडतात. कुणी म्हणतं, "लहान आहे अजून, येईल आपोआप खाली." कुणी म्हणतं, "याला ऑपरेशनच लागतं, उगाच वेळ घालवू नका." पंचाईत अशी, की दोन्ही मतं खरी असू शकतात, फक्त वेगवेगळ्या मुलांच्या बाबतीत.

पहिल्या प्रकारात वृषण पिशवीपर्यंत पोहोचलेलंच नसतं, ते जांघेत किंवा पोटात अडकलेलं असतं. दुसऱ्या प्रकारात ते नीट पोहोचलेलं असतं, पण एक स्नायू त्याला अधूनमधून वर ओढून घेतो. पहिल्याला शस्त्रक्रिया लागते आणि तीही लवकर. दुसऱ्याला शस्त्रक्रिया लागत नाही, पण त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं. गल्लत झाली तर एखाद्या मुलावर नको ती शस्त्रक्रिया होते, नाहीतर एखाद्याचे मोलाचे महिने "येईल खाली" म्हणत निघून जातात. मला या दुसऱ्या चुकीची जास्त काळजी वाटते, कारण ती कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. मूल खेळतं, वाढतं, त्याला काही दुखत नाही.

गर्भात वृषणं तयार होतात ती पोटात, मूत्रपिंडांच्या जवळ. साधारण आठव्या ते पंधराव्या आठवड्यात ती पोटातून जांघेत उतरणाऱ्या वाटेच्या तोंडाशी (जांघेच्या तोंडाशी) येऊन थांबतात. पुढचा प्रवास पंचविसाव्या आठवड्यानंतर सुरू होतो आणि पस्तिसाव्याच्या सुमारास ती पिशवीत पोहोचतात. साहजिकच अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हा प्रवास पुष्कळदा अर्धवट राहिलेला दिसतो. अशा १०० मुलग्यांपैकी ३०पर्यंत मुलग्यांत एखादं वृषण जागेवर नसतं. पूर्ण दिवसांच्या बाळांत हे प्रमाण १००मागे ३च्या आसपास असतं. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मुलग्यांच्या शरीरात संप्रेरकांची एक मोठी लाट येते आणि त्या काळात यातली बरीच वृषणं खाली उतरतात. वर्षाच्या शेवटी १००मागे साधारण एक मूल उरतं. "येईल आपोआप" हे म्हणणं सहाव्या महिन्यापर्यंत रास्त आहे. त्यानंतर आपोआप उतरण्याची शक्यता अगदी थोडी राहते. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, तर हे सहा महिने जन्मतारखेपासून नव्हे, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचे.

आता दुसरी अवस्था. वृषणाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या आणि शुक्रवाहिनी यांच्याभोवती क्रेमॅस्टर नावाचा एक पातळ स्नायू असतो. थंडी वाजली, भीती वाटली, मांडीच्या आतल्या बाजूला कुणी बोट फिरवलं, की तो आकसतो आणि वृषण वर जातं. हा आजार नाही, शरीराची ती स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. तान्ह्या बाळात ती फार क्षीण असते. पुढे दोन-तीन वर्षांपासून सात-आठ वर्षांपर्यंत ती चांगलीच जोरकस होते. काही मुलांत इतकी, की गोटी पिशवीत दिसण्यापेक्षा जांघेतच जास्त वेळ असते. विहिरीत सोडलेल्या पोहऱ्याचं उदाहरण घेतलं तर फरक चटकन कळेल: सरकणाऱ्या वृषणाचा दोर पुरेसा लांब आहे, कुणीतरी तो मधूनच वर खेचतंय एवढंच. न उतरलेल्या वृषणाचा दोरच आखूड आहे.

दोन्हींमधला फरक ओळखण्याचं काम बोटांचं आहे, मशीनचं नाही.

नीट तपासणी कशी होते ते आईबाबांनीही बघून ठेवावं. खोली उबदार हवी, डॉक्टरांचे हात गरम हवेत आणि मूल रडत नसावं. रडणाऱ्या, अंग आक्रसलेल्या मुलाला घाईघाईत चाचपून काढलेला निष्कर्ष बहुधा चुकतो. मुलाला मांडी घालून बसवतात, मोठं असेल तर उकिडवं बसवतात. या दोन्ही आसनांत तो स्नायू सैल पडतो. मग एका हाताची बोटं कमरेच्या हाडापासून जांघेवरून हळूहळू खाली सरकवत आणतात. त्यामुळे वृषण बोटांपुढून पिशवीकडे ढकललं जातं आणि दुसरा हात त्याला तिथे पकडतो. ते पिशवीच्या तळापर्यंत आलं की अर्धा-एक मिनिट तिथेच धरून ठेवतात. तेवढ्यात क्रेमॅस्टर थकतो. मग सोडतात आणि बघतात. सरकणारं वृषण काही वेळ तरी खालीच राहतं. न उतरलेलं वृषण एक तर तळापर्यंत येतच नाही, किंवा ताणून आणलं तरी सोडताक्षणी परत वर जातं. त्या अर्ध्या मिनिटावर मुलाला शस्त्रक्रिया लागणार की नाही हे ठरतं, म्हणून ते घाईत उरकू नये.

पिशवीकडे नुसतं पाहूनही अंदाज येतो. जिथे वृषण कधी पोहोचलेलंच नाही, तिथली बाजू सपाट आणि लहान राहते. सरकणाऱ्या वृषणाच्या मुलात दोन्ही बाजू नीट भरलेल्या, सुरकुत्या पडलेल्या असतात. आणखी एक भरवशाचा पुरावा घरातच असू शकतो: जन्मानंतरच्या तपासणीचा कागद. त्यावर दोन्ही वृषणं खाली असल्याची नोंद असेल आणि तीन-चार वर्षांनी एक दिसेनासं झालं असेल, तर सरकणाऱ्या वृषणाची शक्यता आधी धरतात. मूल कोमट पाण्यात बसलेलं असताना किंवा गाढ झोपेत असताना गोटी खाली दिसते का, हे आईबाबांनी पाहून डॉक्टरांना सांगितलं तर मोठी मदत होते.

बऱ्याच ठिकाणी यासाठी आधी सोनोग्राफी करून घेतली जाते. अमेरिकन यूरॉलॉजिकल असोसिएशन या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र तज्ज्ञाकडे पाठवण्यापूर्वी सोनोग्राफी किंवा तशा तपासण्या सरसकट करू नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. याचं कारण समजण्यासारखं आहे. हाताला लागणाऱ्या वृषणाबद्दल सोनोग्राफी नवीन काही सांगत नाही. हाताला न लागणारं वृषण आतड्यांच्या मागे दडलेलं असेल तर ते सोनोग्राफीतही सुटू शकतं, त्यामुळे रिपोर्टमध्ये "दिसलं नाही" असं आलं तरी ते नाहीच असं म्हणता येत नाही. उलट सोनोग्राफीच्या टेबलावर थंड जेल लागलं की सरकणारं वृषण हमखास वर जातं आणि रिपोर्टवर "जांघेत आहे" अशी नोंद होते. त्या एका ओळीवरून शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये. वृषण खाली आणण्यासाठी दिली जाणारी संप्रेरकांची इंजेक्शनंही याच सूचनांनी नाकारली आहेत.

न उतरलेल्या वृषणाला घाई का? पिशवीतलं तापमान शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा दोन ते चार अंश सेल्सियसने कमी असतं आणि शुक्रपेशी घडवणाऱ्या मूळ पेशींना तोच गारवा लागतो. या पेशी पहिल्या वर्षातच पुढच्या टप्प्यात जायला लागतात. उबदार जागी अडकलेल्या वृषणात ते बदल नीट होत नाहीत आणि वय वाढेल तशी पेशींची संख्या घटत जाते. म्हणून शस्त्रक्रियेचा योग्य काळ सहा ते बारा महिने, फार तर दीड वर्षापर्यंत, असा मानला जातो. शाळेत जायला लागल्यावर बघू, हा हिशेब आता चालत नाही. एकाच बाजूचं वृषण अडकलेलं होतं अशा पुरुषांना पुढे मूल होण्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास, म्हणजे ९० टक्क्यांच्या आसपास आढळलं आहे. दोन्ही बाजूंचं असेल तर ते ६५ टक्क्यांच्या घरात येतं. कर्करोगाचा मुद्दाही आहे, पण तो घाबरवण्यासाठी वापरू नये. स्वीडनमध्ये या शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे १७,००० पुरुषांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. १३ वर्षांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत वृषणाच्या कर्करोगाचा धोका इतर पुरुषांच्या साधारण सव्वादोन पट होता. त्यानंतर झालेल्यांत ५ पटींहून अधिक. हा कर्करोग मुळातच क्वचित होतो, त्यामुळे सव्वादोन पट धरूनही बहुसंख्यांना तो होत नाही. वेळेवर केलेल्या शस्त्रक्रियेने धोका शून्यावर येत नसला तरी वृषण हाताला लागेल अशा जागी येतं आणि मुलगा मोठा झाल्यावर स्वतः तपासू शकतो.

शस्त्रक्रिया म्हटलं की हल्ली पहिला प्रश्न येतो, "दुर्बिणीतून होईल ना?" न उतरलेल्या १० वृषणांपैकी साधारण ८ जांघेत किंवा तिच्याजवळ हाताला लागतात. त्यांना दुर्बिणीची गरज नाही. जांघेत एक छोटा छेद घेऊन वृषण मोकळं करतात, सोबत बहुतेक वेळा असलेली हर्नियाची पिशवी बांधून टाकतात आणि वृषण खाली आणून बसवतात. वृषण पुरेसं खाली असेल तर वृषणांच्या पिशवीवरच्या एकाच छेदातूनही हे काम होतं. बहुतेक मुलं त्याच दिवशी घरी जातात. इथे पोटात दुर्बीण घालण्याचा हट्ट धरला, तर मुलाचा काही फायदा होत नाही.

दुर्बिणीचं खरं काम आहे ते हाताला न लागणाऱ्या उरलेल्या दोघांसाठी. इटलीतल्या कोर्तेसी यांनी १९७६ साली पोटातली वृषणं शोधायला लॅपरोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी, वापरल्याचं प्रसिद्ध केलं आणि पुढे ती बालशल्यचिकित्सेत रुळली. भूल दिल्यावर शल्यचिकित्सक आधी पुन्हा एकदा हाताने तपासतात. स्नायू पूर्ण सैल झाल्यामुळे कधीकधी आधी न लागलेलं वृषण तेव्हा जांघेत सापडतं आणि दुर्बीण बाजूला ठेवली जाते. नाही सापडलं, तर बेंबीतून पाच मिलिमीटर किंवा त्याहून बारीक नळी आत जाते आणि कार्बन डायऑक्साइडने पोट थोडं फुगवतात. मग वृषणाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांचा माग काढायचा. त्या मध्येच विरून संपल्या असतील, तर वृषण जन्मापूर्वीच पीळ पडून नाहीसं झालं आहे असं समजायचं. मोठा छेद न घेता शोध तिथेच संपतो. त्या जांघेच्या तोंडातून बाहेर गेल्या असतील, तर पुढचा शोध जांघेत घेतात. आणि वृषण पोटातच दिसलं, तर प्रश्न येतो दोर किती आखूड आहे याचा.

जांघेच्या तोंडाजवळचं वृषण दुर्बिणीनेच मोकळं करून एका टप्प्यात खाली आणता येतं. फार वर असेल तर दोन टप्पे करतात. मेलबर्नच्या फाउलर आणि स्टीफन्स यांनी १९५९ साली मांडलेली कल्पना आजही वापरात आहे: वृषणाच्या मुख्य रक्तवाहिन्याच आखूड पडतात, म्हणून त्या बंद करायच्या आणि शुक्रवाहिनीसोबतच्या बारीक धमनीवर वृषण जगवायचं. दोन टप्प्यांच्या पद्धतीत वाहिन्या बंद केल्यावर साधारण सहा महिने थांबतात, तेवढ्यात ती बारीक धमनी रुंदावते, मग वृषण खाली आणतात. काही मुलांत एवढं करूनही ते सुकतं, आणि ही शक्यता आईबाबांना आधीच सांगायला हवी. इजिप्तचे सामेह शेहाता यांनी वाहिन्या न कापता दुसरा मार्ग काढला: वृषण पोटाच्या विरुद्ध बाजूच्या भिंतीला टाक्याने अडकवायचं, वर आतड्यांचा भार पडू द्यायचा आणि तीनेक महिन्यांत वाहिन्या लांबल्या की ते खाली न्यायचं.

दोन प्रसंगांत यातलं काहीही विचारात घेत बसू नये. नवजात मुलग्याची दोन्ही वृषणं हाताला लागत नसतील, तर संप्रेरकं आणि गुणसूत्रांची तपासणी लगेच व्हायला हवी. ते बाळ मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीच्या जन्मजात दोषामुळे मुलग्यासारखं दिसणारी मुलगी असू शकतं आणि त्या दोषात पहिल्या दोन-तीन आठवड्यांत शरीरातलं मीठ घटून जीव धोक्यात येतो. लघवीचं छिद्र जागेवर नसेल आणि सोबत वृषणही उतरलेलं नसेल, तरीही हीच तपासणी करतात. दुसरा प्रसंग: पिशवी रिकामी आहे आणि त्या बाजूच्या जांघेत अचानक दुखणारी सूज आली. वृषणाला पीळ पडलेला असू शकतो किंवा हर्निया अडकलेला असू शकतो, आणि दोन्हींत काही तासांचाच अवधी असतो.

सरकणाऱ्या वृषणाच्या मुलाला मात्र घरी पाठवतात, वर्षातून एकदा तपासणीला यायला सांगून. हे वर्षाचं बोलावणं बऱ्याच घरांत विसरलं जातं, आणि ते विसरू नये असं मी कळकळीने सांगेन. मूल उंच होत जातं, पण काही मुलांत वृषणाचा दोर त्या मानाने वाढत नाही. चौथ्या वर्षी सहज खाली येणारं वृषण सातव्या-आठव्या वर्षी जांघेतच राहायला लागतं, खाली आणलं की लगेच परत जातं. म्हणजे जन्माच्या वेळी जागेवर असलेलं वृषण आता न उतरलेल्यांत जमा झालेलं असतं आणि त्याला तीच जांघेतली शस्त्रक्रिया लागते, वय कितीही असलं तरी. म्हणून ही तपासणी मुलगा वयात येईपर्यंत दर वर्षी करायची, आणि दर वेळी अर्धा-एक मिनिट धरून सोडल्यावर वृषण खाली राहिलं की नाही हे कागदावर लिहून घ्यायचं.